ओशिमाची उलटी प्रदक्षिणा

ज्वालामुखी बघायला जायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. कल्पना माझ्या नवऱ्याची. आणि ज्याची कल्पना तोच ऐन वेळी ऑफिसात अडकला, हेही सांगते, कारण ते मी त्याला अजून ऐकवते.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती. आम्ही टोक्योजवळ उरायासुला दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. सासू-सासरे पुण्याहून तीन महिन्यांसाठी आले होते. पहिल्या महिन्यात आम्ही त्यांना दाखवण्यासारखं सगळं दाखवलं, दुसऱ्या महिन्यात ते दोघं आणि मी घरात एकमेकांकडे बघत बसू लागलो. सासूबाईंचं तरी बरं, त्या कचऱ्याच्या वर्गीकरणात रमल्या. आज जळणारा, उद्या न जळणारा, परवा बाटल्या, हे त्यांना एकादशी-चतुर्थीसारखं पाठ झालं होतं. बाबांचं मात्र अवघड होतं. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं ओव्हरसियर म्हणून काढलेला माणूस. धरणं, कालवे, उन्हातान्हात पायपीट. निवृत्तीनंतरही रोज पहाटे पर्वती चढणार. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत ते पिंजऱ्यातल्यासारखे फिरायचे आणि ती सहा पावलांची आहे, हे मला रोज सांगायचे.

त्यांना दोन सवयी होत्या. एक, चालताना पावलं मोजायची. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं, त्यात इंचाचा फरक नाही, असा त्यांचा दावा होता. आमच्या दारापासून स्टेशन किती पावलं, स्टेशनपासून कोपऱ्यावरचं कोम्बिनी दुकान किती पावलं, सगळं त्यांच्या डायरीत. दुसरी, वाटेत देऊळ दिसलं की प्रदक्षिणा. मग ते जपानी देऊळ का असेना. एकदा स्टेशनामागच्या खुराड्याएवढ्या देवळाला मी छत्री झटकत सहज उजवीकडून वळसा घातला, तर मला दंडाला धरून परत आणलं. "अगं, उलटी कुठे निघालीस? देव उजव्या हाताला राहिला पाहिजे."

"बाबा, मी प्रदक्षिणा घालत नव्हते, आडोसा शोधत होते."

"आडोशाला पण सुलटंच जावं," असं म्हणाले. वाद घालण्यात अर्थ नसतो अशा माणसाशी.

तर नवऱ्याने टोक्योच्या दक्षिणेला असलेल्या ओशिमा बेटाची तिकिटं काढली. रात्री बोटीत झोपायचं, पहाटे बेटावर, दिवसभर ज्वालामुखी, दुपारच्या बोटीने परत. निघायच्या दिवशी संध्याकाळी त्याचा ऑफिसातून फोन. कुठली तरी सिस्टिम बंद पडली होती, आणि ती चालू होईपर्यंत कुणी जागचं हलायचं नव्हतं. "तू घेऊन जा ना त्यांना. तुला जपानी येतं की." माझं जपानी म्हणजे भाजीचा भाव विचारण्यापुरतं. पण बाबा बूट घालून दारात बसले होते. मग काय, गेले.

पहाटे बोटीच्या डेकवर आम्ही तिघं उभे होतो. मार्च महिना, वारा नुसता झोंबत होता. बाबा कठड्यावरून ओणवे होऊन पाणी किती खोल असेल याचा अंदाज घेत होते आणि त्यांच्या शर्टाच्या खिशातून चष्म्याचं घर सटकलं. मी झडप घालून धरलं म्हणून वाचलं. त्याच खिशात त्यांची ती छोटी काचेची बाटली होती. वर्षभरापूर्वी त्यांच्या छातीत दुखलं होतं, तेव्हापासून डॉक्टरांनी दिलेल्या जिभेखाली ठेवायच्या गोळ्या. कायम जवळ हव्यात, अशी सक्त ताकीद होती.

"द्या ती बाटली इकडे," मी म्हणाले. "समुद्रात घालवाल."

"अगं, राहू दे. खिशातच बरी."

"खिसा बघितलात का कसा आहे? द्या म्हणते ना." मी तशी फटकळच आहे, माझ्या माहेरीही हे सगळ्यांना माहीत आहे. बाबांनी मुकाट्याने बाटली दिली. मी ती माझ्या पर्समध्ये टाकली आणि वर पुन्हा चेन ओढली. आपण किती जबाबदार सून आहोत, असं मनातल्या मनात वाटलंही.

बेटावर उतरल्यावर पांढरे हातमोजे घातलेला एक टॅक्सीवाला आम्ही दोन तासांसाठी ठरवला. त्याने आधी आम्हाला रस्त्याकडेचा तो प्रसिद्ध कडा दाखवला. रस्ता करताना डोंगर उभा कापला गेला आणि आतले राखेचे थर उघडे पडले. हजारो वर्षांच्या उद्रेकांचे काळे, तांबूस, पिवळट पट्टे, एकावर एक, लाटेसारखे वळलेले. टॅक्सीवाला म्हणाला, जपानी लोक याला एका गोल केकचं नाव देतात. सासूबाईंनी खिडकीतून एकदाच बघितलं आणि निकाल दिला, "केक कसला? अळूवडी आहे ही. उकडून कापलेली." बाबांना मात्र गाडीतून उतरून जवळ जायचं होतं, हात लावायचा होता, थर मोजायचे होते. मी घड्याळ बघत होते. दीड वाजता डोंगरावरून खाली यायची बस होती, अडीचला बोट. ती चुकली की मुक्काम बेटावर, आणि आमच्या हातात एक पिशवी आणि शेंगदाण्याचे लाडू.

साडेनऊला टॅक्सीने आम्हाला डोंगरावरच्या चहाच्या दुकानापाशी सोडलं. तिथून समोर भलंमोठं काळं पठार, आणि पठाराच्या मध्यावर तो ज्वालामुखी. तसा बुटका, बसका. दहा-बारा वर्षांपूर्वी तो फुटला तेव्हा सगळं बेट बोटींमधून रिकामं करावं लागलं होतं. लाव्हाचे काळे ओघळ उतारावर अजून स्पष्ट दिसत होते, दूध उतू जाऊन पातेल्यावर करपल्यासारखे. सासूबाईंनी गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "मी काही येत नाही. तुम्ही जाऊन या. मी हिच्यापाशी बसते." ही म्हणजे दुकानाची मालकीण, सासूबाईंच्याच वयाची. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. पाच मिनिटांत दोघी भाजी निवडत बसल्या.

मी आणि बाबा निघालो. बाबांच्या अंगात नवऱ्याचं लाल विंडचीटर, हातात मिटलेली छत्री. आमच्या पुढे-मागे एक जपानी मंडळींचा गट होता. दहाजण, सगळे साठीच्या पुढचे, प्रत्येकाच्या पाठपिशवीला छोटी घंटा. त्यांचे म्होरके हिरव्या टोपीचे आजोबा दर थांब्यावर सगळ्यांना बोटाने मोजायचे. शाळेची सहल असल्यासारखं. पहिल्याच थांब्यावर आम्ही शेजारी उभे होतो, तर दहा झाल्यावर त्यांचं बोट बाबांवर आलं, "जूइची," मग माझ्यावर, "जूनी." अकरा, बारा. सगळे हसले. मोजमापवाला माणूस भेटला म्हणून बाबा फार खूश झाले.

पण वाट सरता सरेना. पाऊण तासाची वाट. बाबा दर दहा पावलांवर थांबणार. हा लाव्हा दोरखंडासारखा का, तो चुऱ्यासारखा का, मधूनच खडा उचलणार, वजन बघणार, डायरी काढणार. गट पुढे गेला. माझ्या डोक्यात दीडची बस घोंघावत होती. शेवटी मी बोलले, "बाबा, पुरे आता. खात्यातून रिटायर झालात तुम्ही. तुमचं मोजमाप आता कुणाला लागत नाही."

बोलले आणि लगेच जीभ चावली. पण बाण सुटला होता. बाबांनी हातातला खडा खाली ठेवला, डायरी खिशात घातली आणि "चल" एवढंच म्हणाले. त्यानंतर एकदाही थांबले नाहीत. मी माफी मागायला हवी होती. मागितली नाही, कारण मला धाप लागली होती आणि मी मूर्ख होते.

विवराच्या काठाशी पोचलो तर तिथे एक छोटं देऊळ. त्याच्यापुढे दगडी कमान. शेवटच्या उद्रेकात लाव्हा वाहत आला, तो या देवळाला शिवलाच नाही. दोन्ही बाजूंनी फाटून पुढे गेला. काळ्या दगडांची भिंत अजून तिथे उभी होती आणि मध्ये देऊळ, कोरंच्या कोरं. मोडक्यातोडक्या भाषेत मी पाटी वाचली आणि बाबांना सांगितलं. बेटावरचे लोक या ज्वालामुखीच्या आगीला देवाची आग म्हणतात, असंही टॅक्सीवाल्याने सांगितलं होतं. बाबा चपापल्यासारखे झाले. त्यांनी बूट काढायला सुरुवात केली. लेस सोडायची, मोजे काढायचे, हात जोडायचे, पुन्हा सगळं घालायचं.

देवळापासून पुढे वाट दुभागत होती. विवराला पूर्ण वळसा घालणारी अडीच किलोमीटरची गोल वाट. काठावर उभं राहिलं की एक फाटा डावीकडे, एक उजवीकडे. जपानी गट उजवीकडे वळला होता, कारण त्या बाजूने आधी चढ संपतो, असं हिरव्या टोपीचे आजोबा वाटेत म्हणाले होते.

"बाबा, मी पुढे होते," मी म्हणाले. "उजवीकडून या. सगळे तिकडूनच चाललेत."

ते डोळे मिटून उभे होते. "हं," म्हणाले. मला वाटलं, ऐकलं.

मी गटाला गाठलं. डाव्या हाताला ते प्रचंड विवर, तळ दिसत नव्हता, कड्यांच्या फटींमधून पांढरी वाफ निघत होती. कॅमेरा काढला, रोल संपलेला, नवा घातला. फिल्मची रिकामी डबी जॅकेटच्या खिशात टाकली. दहा-बारा मिनिटं चाललो असू. तेवढ्यात समुद्राकडून ढग आला. बघता बघता विवर गेलं, पठार गेलं, माझ्या चार हातांपलीकडचा माणूस गेला. आजोबांनी लगेच सगळ्यांना थांबवलं आणि मोजायला लागले. दहापर्यंत आले. मग माझ्यावर बोट ठेवून "जूइची" म्हणाले. बोट पुढे सरकलं आणि तसंच हवेत राहिलं. बारावा नव्हता.

मी मागे वळून हाका मारल्या. वाऱ्याने त्या कुठल्या कुठे नेल्या. मी पळत परत दुभागलेल्या वाटेपर्यंत आले. देवळापाशी कुणी नाही. कमानीखाली कुणी नाही. खालच्या उतारावर कुणी नाही. बूट नाहीत, छत्री नाही. पळताना पर्समधून किणकिण आवाज येत होता. मी थांबले की तो थांबायचा. आणि मग मला कळलं की ती बाटली आहे.

इतका वेळ मला माणूस हरवल्याची भीती होती. आता दिसायला लागलं ते हे की बाबा कुठेतरी काळ्या राखेत छातीला हात लावून बसलेत, दुसरा हात खिशात घालतायत, आणि खिसा रिकामा आहे. रिकामा कुणी केला? मी केला. समुद्रात घालवाल म्हणून. नवऱ्याला काय सांगू? आणि खाली भाजी निवडत बसलेल्या बाईला?

हिरव्या टोपीचे आजोबा माझ्या मागोमाग आले होते, त्यांच्यातल्या एका ठेंगण्या काकांना घेऊन. "ओतोसान इनाइ," मी म्हटलं. बाबा नाहीत. मग बाटली दाखवली, छातीवर हात ठेवला. त्यांना सगळं समजलं. चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्यांनी ठेंगण्या काकांना दुभागलेल्या वाटेवर उभं केलं, गळ्यात शिट्टी अडकवली आणि सांगितलं की इथून हलायचं नाही. मग मला विचारलं, कपडे कोणते? लाल, मी म्हटलं. आणि मग विचारलं, कुठल्या बाजूला गेले असतील?

"उजवीकडे," मी म्हणाले. "मी सांगितलं होतं." ते म्हणाले, पण तिकडून तर आपणच आलो. भेटायला हवे होते.

मी त्या दोन फाट्यांकडे बघत उभी राहिले. मधे विवर. देवाची आग. उजवीकडे गेलं की देव डाव्या हाताला येतो.

मी कपाळावर हात मारला. अगं बाई, हा माणूस मेला तरी उलटा जाणार नाही! खुराड्याएवढ्या देवळाला मला दंड धरून फिरवणारा माणूस अडीच किलोमीटरच्या देवाला डाव्या हाताला ठेवून चालेल होय? सगळे तिकडून चाललेत म्हणून? मीच इतका वेळ डोंगराला उलटी प्रदक्षिणा घालत होते आणि ते सुलटे निघाले होते.

मी डावीकडे बोट दाखवलं. का ते सांगण्याइतकं जपानी माझ्यापाशी नव्हतं, पण आजोबांनी का असं विचारलंही नाही. काठीने राखेत एक वर्तुळ काढलं. खाली एक टिंब, आम्ही. डावीकडून स्वतः जातो, अशी खूण केली. तू उजवीकडून. दोघांच्या मध्ये तो सापडणारच. मग ते घंटा वाजवत ढगात शिरले.

मी पळत सुटले. आमचा गट वाटेत थांबला होता, त्यांनी मला पाणी पुढे केलं, मी थांबले नाही. पुढे वाट चढू लागली. पायाखाली काळा चुरा, एक पाऊल पुढे टाकलं की अर्धं मागे. एका बाजूला दोर, त्यापलीकडे काही नाही. किती वेळ गेला कळत नव्हतं. मला देवाचं नावसुद्धा सुचत नव्हतं. डोक्यात एकच वाक्य घुमत होतं, तुमचं मोजमाप आता कुणाला लागत नाही. हेच माझं शेवटचं धड वाक्य असलं तर? उजवीकडून या, हे काय वाक्य असतं?

मी थांबले, कारण छातीतून श्वास निघेना. आणि त्या पांढऱ्या कापसातून आवाज आला. अगदी हळू, पण मराठी.

"सतराशे एकोणनव्वद... सतराशे नव्वद..."

माझ्या आयुष्यात मी इतकी सुंदर गोष्ट ऐकलेली नाही. "बाबा!" मी किंचाळले. आधी लाल विंडचीटर दिसलं, मग छत्री. त्यांनी पंजा वर करून मला थांबवलं, आणखी एक पाऊल टाकलं, "सतराशे एक्क्याण्णव" म्हणाले आणि छत्रीचं टोक राखेत खुपसून खूण केली.

मी रडत होते, ओरडत होते, काय बोलले ते मला आठवत नाही. काय तुम्ही, कुठे तुम्ही, असंच काहीतरी.

"ओरडू नकोस," बाबा म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "आधी ती बाटली दे."

चेन उघडेना. मी ती दातांनी ओढली. एक गोळी जिभेखाली ठेवून ते दगडावर बसले, डोळे मिटून. मी त्यांच्यासमोर राखेत बसले आणि त्यांचा हात धरून ठेवला. सासऱ्यांचा हात मी त्याआधी कधी धरला नव्हता. हात थंडगार होता. घंटेचा आवाज जवळ आला, हिरव्या टोपीचे आजोबा त्यांच्या मागून ढगातून बाहेर आले आणि आमच्या वाऱ्याच्या बाजूला आडोसा करून उभे राहिले. पाच मिनिटं गेली असतील. हळूहळू बाबांच्या ओठांवर रंग आला. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तुझं नाक पूस." तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

"चढावर थोडं भरून आलं," ते सांगायला लागले. "खिशात हात घातला, तर खिसा रिकामा. मग आठवलं, तुझ्याकडे आहे. म्हटलं, बसून राहिलो तर घाबरायला होईल. मोजत राहिलं की घाबरायला होत नाही. वीस पावलं चालायचं, थांबायचं. पुन्हा वीस."

"मागे का नाही वळलात?"

"उलटा?" त्यांनी भुवया उंचावल्या. "आणि मागे जाऊन करणार काय? बाटली पुढे होती. तू उलट्या बाजूने निघालेलीस, मी पाठमोरी बघितली होती तुला. वाट गोल आहे. तू समोरून येणार, जाशील कुठे? पाटीवर अडीच किलोमीटर लिहिलंय, म्हणजे तेहतीसशे पावलं. मध्यावर भेटायला हवी होतीस. जरा उशीरच केलास."

मी हसले की रडले कोण जाणे. दोन्ही झालं असावं. मग म्हटलं, "बाबा, मघाशी मी जे बोलले ना, खात्याचं आणि मोजमापाचं..."

"लागलं की नाही पण?" ते म्हणाले.

"लागलं."

"मग झालं तर."

ते उठले. छत्री राखेतून उपसली आणि पुढे निघाले, म्हणजे मी आले होते त्या वाटेने. मी बरोबर चालू लागले. विवर आता माझ्याही उजव्या हाताला होतं. "तू अर्धी उलटी घातलीस," ते म्हणाले, "तेवढीच आता सुलटी होतेय. फिटलं." आणि सतराशे ब्याण्णवपासून मोजायला लागले, मोठ्याने. वीस पावलांवर थांबत. मीही मोजायला लागले. अठराशे झाल्यावर आजोबांनीही डोकं हलवत ताल धरला. ढग निघून गेला आणि खाली एकदम निळा समुद्र दिसला, त्यात एक पांढरी बोट. मला त्या डोंगराचा राग यायला हवा होता, पण तो मला फार आवडला.

गट होता तिथेच थांबला होता. आम्हाला बघून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी पुन्हा मोजलं, फाट्यावर उभ्या असलेल्या ठेंगण्या काकांनाही धरून, आणि बोट बाबांपाशी आलं तेव्हा त्यांनी "जूनी" इतक्या जोरात म्हटलं की विवरातून प्रतिध्वनी आला. दुभागलेल्या वाटेवर ठेंगणे काका शिट्टी ओठांत धरून तसेच उभे होते. एवढ्या गारठ्यात, एकटे, तासभर. हलू नका सांगितलं होतं, हलले नव्हते. बाबांनी त्यांना वाकून नमस्कार केला. काकांनी त्याहून खाली वाकून केला. मग बाबांनी आणखी. हे कुठे थांबणार कळेना, म्हणून मी मध्ये शेंगदाण्याचे लाडू काढले आणि एकेकाच्या हातावर ठेवले. पावलं तेहतीसशे बारा भरली. बारा पावलांचा फरक वाफ चुकवण्यात गेला, असं बाबांचं म्हणणं.

उतारावर बाबा मला म्हणाले, "हिला काही सांगू नकोस. उगाच घोर लावून घेईल." मी कशाला सांगतेय?

एकला दहा मिनिटं असताना आम्ही चहाच्या दुकानात पोचलो. सासूबाई ऐटीत बसल्या होत्या, पुढ्यात कुठल्याशा हिरव्या पानांची भजी. "या," म्हणाल्या. "किती वेळ? दोनदा चहा गार झाला. आणि ही भजी खा, पीठ पातळ आहे पण पान चांगलं आहे. मी तिला सांगितलं, ओवा घाल."

"कुठल्या भाषेत सांगितलंत?"

"ओव्याला भाषा कशाला लागते?" मग त्यांनी बाबांकडे बघितलं, बाबांच्या बुटांकडे बघितलं, माझ्या डोळ्यांकडे बघितलं. "फार वारा होता का वर?"

"फार," आम्ही दोघांनी एकदम म्हटलं.

दीडची बस मिळाली, अडीचची बोट मिळाली. बोटीत सतरंजीवर आम्ही तिघं भिंतीला टेकून बसलो. मी ती बाटली काढून बाबांच्या हातात ठेवली. "तुमच्यापाशीच असू दे. मी पुन्हा मागणार नाही." त्यांनी ती खिशात ठेवली, बटण लावलं, थोडा वेळ बसले. मग बटण काढलं.

"तुझ्याकडे ती फिल्मची रिकामी डबी आहे ना?"

मी दिली. त्यांनी ती रुमालाने आतून पुसली आणि बाटलीतल्या गोळ्या मोजून निम्म्या तिच्यात ओतल्या. झाकण दाबून बसवलं आणि डबी माझ्या तळहातावर ठेवली. "एकाच माणसापाशी सगळ्या नकोत," म्हणाले. "आपण दोघं परत कुठे वेगवेगळ्या बाजूंनी निघालो तर?"

मी डबी पर्समध्ये ठेवली.

सासूबाई डोळे मिटून बसल्या होत्या, झोपल्या असाव्यात असं आम्हाला वाटत होतं. त्यांनी डोळे न उघडताच कमरेचा बटवा सोडला, त्याचं तोंड मोकळं केलं आणि आमच्यापुढे धरला.

"मी काही विचारत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हीही काही सांगू नका. पण यात टाका."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग खिशातून बाटली पुन्हा काढली आणि चार गोळ्या मोजून बटव्यात टाकल्या.